वरच्या मजल्यावरचा वर्ग

१२ ऑगस्ट, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे काळजीचं काही नाही. भाऊजी कामासाठी इथे आलेत, संध्याकाळी परत निघतील, त्यांच्याच हाती हे देते आहे. फोन केला असता, पण तू स्टाफरूममध्ये फोन स्पीकरवर टाकून वह्या तपासत बसतेस.

शाळांचे कायदे इंटरनेटवर कुठे शोधायचे, असं तू विचारलं होतंस. बाई गं, आधी ते वकिलांचे ब्लॉग बंद कर. सगळे एकमेकांचं उतरवतात, चुकांसकट, तुझ्या नववीच्या पोरांसारखे. मूळ कायदा शिक्षण खात्याच्या साइटवर आहे. साल धरून खाली खाली जा, आणि नंतरच्या दुरुस्त्या पाहिल्याशिवाय कुठलंही कलम खरं मानू नकोस. निकाल न्यायालयाच्या साइटवर फुकट मिळतात. नुसते शब्द टाकलेस तर ढीगभर येतील, म्हणून कलमाचा क्रमांक टाक. इमारतींचे सुरक्षा-दाखले नगरपालिकेच्या साइटवर असतात. तुमच्या शाळेचा मी पाहिला. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुझा कालचा मेसेज वाचून आनंद झाला, असं लिहिणार होते. जुन्या इमारतीच्या छताची तक्रार केलीस म्हणून हेडमास्तर महिनाभर तुझ्याशी बोलत नव्हते. आता एकदम गोड झाले. छत दुरुस्त करून रंगवलं म्हणाले, आणि तिथलाच वरचा मोठा वर्ग उद्यापासून तुला दिला. "तुमच्याइतकं मुलांना सांभाळणारं दुसरं कोण आहे, बाई?" तू खूश आहेस. मला भीती वाटते आहे.

आता लिहू नये ते लिहिते. वाचक काय शोधतो हे ग्रंथपालाने बाहेर बोलायचं नसतं, आणि मी आजवर ते पाळलं. पण निकालांची जी विकतची साइट आम्ही कोर्टाच्या लायब्ररीत घेतो, तिचं खातं सगळ्यांना मिळून एकच आहे. एकाने काही शोधलं की ते दुसऱ्याला शोधायच्या चौकटीखाली दिसतं. वकील मंडळी हे विसरतात.

कोपऱ्यातल्या संगणकावर एक वकीलसाहेब बसतात. फार सभ्य, उठताना खुर्ची आत सरकवून जाणारे. शुक्रवारी त्यांनी मला एक कागद झेरॉक्सला दिला. तुझी तक्रार होती ती. तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय? आपली आडनावं आता वेगळी, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही. "या बाई फार लिहितात," एवढंच हसून म्हणाले. मी प्रती नीट काढून दिल्या.

ते गेल्यावर त्यांच्या जागी जाऊन बसले. चौकशीशिवाय शिक्षकाला काढता येतं का, हे त्यांनी आधी शोधलं होतं. येत नाही. मग, छत कोसळून मुलांना इजा झाल्यास जबाबदारी कोणाची. संस्थेची. आणि शेवटी हे: धोका माहीत असल्याचं शिक्षकानेच लिहून दिलं असेल आणि तरीही त्याने तिथे वर्ग भरवला, तर जबाबदारी कोणाची?

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तुला तो वर्ग मिळाला.

दाखल्याचं राहिलं. त्यात तुमची फक्त पुढची इमारत आहे. जुन्या इमारतीच्या नावापुढे लिहिलंय, "वापर बंद". दुरुस्तीची कुठेच नोंद नाही. ताई, त्यांनी नुसता रंग दिलाय.

भांडण नंतर करू. कलमं मी काढून देईन, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पण उद्या मुलांना वर नेऊ नकोस. मैदानात बसव, पुढच्या व्हरांड्यात बसव, हेडमास्तर ओरडले तर ओरडू देत. तू एकटीसुद्धा वर जायचं नाहीस, डबा विसरलीस तरी.

आणि मधल्या सुट्टीत फोन कर. स्पीकरवर टाकलास तरी चालेल. मागे तुझ्या पोरांचा गोंगाट मला ऐकू आला पाहिजे.

तो ऐकेपर्यंत जिवात जीव नसलेली,
तुझी धाकटी