हजेरीतला आवाज

फादर, काल भर दुपारी आमच्या गल्लीत भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा सराव होता म्हणे. पोरंसोरं घरात पळाली, मी मात्र अंगणात तशीच उभी राहिले. मला आपलं विद्यापीठ आठवलं. त्या लढाईच्या साली तुम्ही तिथले कुलगुरू. पांढऱ्या झग्यातला पाद्री विद्यापीठ कसलं चालवतोय, असं लोक बोलायचे. तुम्ही वसईकडचे, पण आमच्याच बोलीत "लई झालं आता, अभ्यासाला बसा की," असं तुम्ही दटावायला लागलात आणि बोलणाऱ्यांची तोंडं मिटली.

रोज सकाळी पटांगणात प्रार्थना झाली की तुम्ही फौजेत गेलेल्या मुलांची नावं घ्यायचात, सगळी तोंडपाठ. एकेका नावाला आम्ही सगळ्यांनी मिळून "हजर" म्हणायचं. पोरगं सीमेवर असलं तरी आपल्या वर्गातलंच आहे, हे तुमचं म्हणणं. माझ्या दादाचं नाव आलं की मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची. मैत्रिणी चिडवायच्या, "अगं, पार बॉर्डरवर ऐकू जाईल की!"

त्या सकाळी तुम्ही दादाचं नाव घेतलंत. आम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी एकट्यानंच म्हणालं, "हजर." घोगरा, शेवटी खाली बसणारा आवाज. दादाचाच. आमच्या मागं भिंत होती, फादर. नुसती भिंत आणि तिच्यावर ऊन. कुणी हसलं नाही. तुम्ही पुढचं एकही नाव घेतलं नाहीत.

दुपारी तुम्ही सायकल मारत कुंभारीला आमच्या घरी आलात. आई भाकरी थापत होती. "या की फादर, बसा. माज्या ल्योकाचं काय कळलं का?" तुम्ही उंबऱ्यावरच टेकलात आणि म्हणालात, "आई, आज त्यानं स्वतः हजेरी दिली." आईनं थापलेली भाकरी परातीतच ठेवली, तवा उतरवला आणि पेटत्या चुलीत पाणी ओतलं. मला तुमचा असला संताप आला! तार नाही, निरोप नाही, आणि तुम्ही माणसाला मारून मोकळे? तार आली ती पुढच्या आठवड्यात. आई म्हणाली, "पाद्रीबाबानं सांगितलं ते बरं झालं. परक्याच्या तोंडून आयकावं लागलं न्हाय." तिचं तिला पटलं असेल. माझा राग अजून थोडा शिल्लक आहे.

आता माझा नातू सीमेवर आहे आणि त्याचा फोन लागत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याचं नाव घेते आणि लगेच स्वतःच "हजर" म्हणते. मधे श्वाससुद्धा घेत नाही. दुसऱ्या कुणाला जागाच ठेवायची नाही. सून विचारते, "आत्या, कुणाशी बोलताय ओ?" मी म्हणते, देवाशी.

आज सकाळी नाव घेतलं आणि मेली ढास लागली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, कानात नुसती घणघण. सून हातात पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि दारातच थांबली. तिचाच पोरगा तो, फादर. माझ्याकडं बघत तिनं हळूच विचारलं, "आत्या, आत्ता हजर म्हणालात ते तुम्हीच ना?"

तुम्ही तर कधीच देवाघरी गेलात, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हणाले नव्हते. पण तिला म्हटलं, "व्हय बाई, मीच की."