कांताबाईचा अंगठा

५ डिसेंबर
आज दुकान उघडलं. हे म्हणाले, घरात रडत बसण्यापेक्षा बांगड्या विक. बरोबरच आहे. पण गिऱ्हाईक आलं की आधी दादाचंच विचारतं.
मानवतला वहिनी येईल त्याला तेच तेच सांगते. दादा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. फोनवर खाकीतला माणूस, ‘तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.’ जन्मभर ग्रामसेवक, सरकारी आवाज आला की ‘होय साहेब’. लिंगपूजेशिवाय दादा घास घेत नसे, आणि त्या परक्या डोळ्यांसमोर पूजेला बसायला मन होईना. म्हणून उपाशी. पैसे तर गेलेच. बसल्या जागी छातीत कळ आली. आमच्या लिंगायत रीतीनं त्याला मातीतही बसवूनच ठेवला.
मला रडू कमी आणि राग जास्त येतोय.

७ डिसेंबर
पालमच्या बाया मला ‘फौजदारीण’ म्हणतात. लॉटरीवाले, ‘आज लाइट कापणार’वाले, स्वस्तात सोफा विकणारे... किती टोपीवाल्यांना मी बोलण्यात गुंगवून त्यांची खोटी नावं, चोरलेले फोटो उघडे पाडलेत. तेव्हा मजा यायची.
वहिनीकडून दादाचा फोन आणला. ज्या नंबरवरून कॉल आला तो पैशाच्या ॲपमध्ये टाकला. खातं कुणाचं ते नाव तिथं दिसतं. वाटलं, लांबचं कुणीतरी निघेल. निघाली कांताबाई, आडनाव आपल्याच भागातलं. 

८ डिसेंबर
ऑनलाइन तक्रार दिली. थांबा म्हणाले. मला थांबवेना.
दुपारी पाटल्या घ्यायला आलेल्या बाईला सहज नाव विचारलं. “कांताबाई व्हय? आमच्याच वस्तीवरली की. मागल्या साली पत्र्याचं घर बांधलं तिनं.”
पत्र्याचं घर! कुणाच्या पैशानं ते मला लगेच कळलं, म्हणजे कळलंसं वाटलं. त्या बाईच्या फोनमध्ये कुठल्याशा लग्नातला कांताबाईचा फोटो होता, तो घेतला.
हे म्हणाले, “आधी फोटो ठाण्यात दे.” मी म्हणाले, “भाऊ तुमचा गेला नाही.” ते उठून आत गेले.
सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘हिनं माझ्या भावाचा जीव घेतला. पुढे पाठवा.’

९ डिसेंबर
गंगाखेड, पूर्णा, सोनपेठ, कुठून कुठून फोन. ‘शाब्बास ताई.’ बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लय बरं वाटलं.

१४ डिसेंबर
एक म्हातारी दुकानात येऊन उभी राहिली. कांताबाईची सासू. मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात तीच बोलली.
“सून अन् ल्योक ऊसतोडीला गेलेत माय. तिला फोन आला तर उचलती, लावता येत न्हाई.”
“मग सिम तिच्या नावावर कसं? खातं कसं?”
“बाजारात छत्री लावून एकजण फुकट सिम वाटायलता. योजनेचे पैसे येतील म्हणून खातंबी काढतो म्हणला. हिचा अंगठा उमटना म्हणला. आणिक लावा, आणिक लावा. चार डाव लावला. हातात एकच सिम दिलं.”
म्हणजे बाकीचे अंगठे दुसऱ्या सिमला, दुसऱ्या खात्याला.
बांगड्या भरताना तोडीवरून आलेल्या बायांचे हात मी दरसाल हातात घेते. कोयत्यानं बोटांच्या रेघा झिजून जातात, रेशनलासुद्धा अंगठा लागत नाही. अंगठा पुन्हा मागितला तर त्यांना संशय कशाचा येणार? हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नाही, कारण आठवायचं नव्हतं.
घराचं विचारलं. घरकुलाचा हप्ता आला होता, त्यातून पत्रे.

१५ डिसेंबर
पोस्ट काढली. ‘चूक झाली, ती बाई निर्दोष आहे’ अशी नवी टाकली. ती कुणी पुढे पाठवेना. दुपारी पुण्याहून मावसबहिणीनं जुनीच मला पाठवली, ‘बघ गं, तुमच्याकडची.’
 हे रागावले असते तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर
छत्रीवाल्याचा बाजारभर तपास केला. “कोन्ता म्हणता? दर बाजारी नवाच येतो.” खरा टोपीवाला आज आणखी कुणाच्या तरी दादाला बसवून ठेवत असेल.
म्हातारीचा निरोप आला. उसाच्या फडावर टोळीच्या मुकादमानं तो फोटो झोपडी-झोपडीत दाखवला. बायांनी कांताबाईच्या हातचं पाणी बंद केलं. मुकादम म्हणाला, चोरटे टोळीत नकोत, आगाऊ घेतलेली उचल परत टाका आणि चालते व्हा.
जेवण गेलं नाही.

२७ डिसेंबर
कांताबाई आली. एकटीच. फोटोतल्यापेक्षा लहानखुरी. मी पायरी उतरले. पाया पडावंसं वाटलं, पण बाजारातले लोक बघत होते. लोक बघतात म्हणून पडले नाही.
तीच म्हणाली, “तुमचा भाऊ गेला म्हणं. लय वाईट झालं.”
मग मला आवरलं नाही. भर दुकानात रडले. पुढे केलेलं पाणीसुद्धा न घेता ती थांबली.
तिचा नवरा हरी मुकादमाशी भांडला, मार खाल्ला, आणि त्याच दिवशी फडातून निघून गेला. फोन बंद. गावी आला नाही.
“तुमी माणसं हुडकताव म्हणं. माझा माणूस हुडका.”

२८ डिसेंबर
तिच्याबरोबर ठाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, “का निघून गेला? कारण काय लिहू?”  मी म्हणाले, माझं नाव लिहा. त्यांनी वर बघितलं आणि लिहिलं.
बाहेर आल्यावर ओळखीचे दोघं भेटले. “ताई, ग्रुपवर फोटो टाका की त्याचा. तुमचं लोक धडाधड पुढं पाठवतात, दोन दिवसांत घावंल.”
खरंच घावेल. मी फोन काढला. कांताबाईनं माझ्या हातावर हात ठेवला.
“नगा. फोटोपाईच गेला त्यो. आता सोताचा बघितला तर जिता यायचा न्हाई.”
फोन पिशवीत ठेवला. उद्या सकाळच्या एसटीनं दोघी फडावर जाणार. तिथून रस्त्यानं विचारत विचारत यायचं. दुकान हे बघतील.