दोन शेगड्यांमधलं वीतभर अंतर

सोमवार, ४

तपासणीला आलेला गॅसवाला घरात काडी टाकून गेला. एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या ठेवायच्या तर मध्ये तीन मीटर हवेत म्हणे. टेप लावली. वीतभर कमी! "एक हलवा, नाहीतर एक काढा. पुढच्या मंगळवारी बघायला येतो."

माझी शेगडी भिंतीला टेकलेलीच आहे, ती कुठे हलणार? सूनबाईची हलू शकते, पलीकडे ओटा रिकामा आहे. पण ती चिमणीच्या बरोब्बर खाली, म्हणून बाईसाहेब तयार नाहीत. "आई, तुमची जुनीच झालीय आता. माळ्यावर ठेवू या." मुलगा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. अशा वेळी त्याला ऐकूच येत नाही.

माझं घर विकून इथे आले तेव्हा भांडीकुंडी सगळी वाटून टाकली. आणली ती फक्त शेगडी. ती गेली की मी या घरात पाहुणी — वाढलं की जेवायचं आणि छान झालंय म्हणायचं. मला नाही जमायचं.

मंगळवार, ५

वीत म्हणजे बारा बोटं. रोज दोन बोटं सरकवली तर कोणाच्या बापाला कळणार नाही. दोघं कामावर गेली, मी कंबर कसली आणि सूनबाईची शेगडी पलीकडे ढकलली. पायांचे चिकट डाग लिंबाने पुसले. फार वर्षांनी काहीतरी चोरून केलं. मजा आली.

गुरुवार, ७

सहा बोटं झाली.

शनिवार, ९

सकाळी दहावं बोट. संध्याकाळी सूनबाई म्हणते, "वाफ चिमणीत का जात नाहीये?" मुलगा स्टुलावर चढून तासभर चिमणीची जाळी घासत होता. मी खालून बॅटरी धरली. वर त्याला सांगितलंही — अजून थोडं डावीकडे घास रे. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. पाप लागेल मला. पण जाळी खरंच घाण होती.

रविवार, १०

दोघं दिवसभर घरी. काम बंद.

सोमवार, ११

शेवटची दोन बोटं. शेगडी अडत होती, मागून रबरी नळी ओढ घेत होती. जोर लावला. सरकली.

मंगळवार, १२

तीन मीटर, वर केसभर! गॅसवाल्याने दोनदा मोजलं. जाताना वाकून बघितलं आणि म्हणाला, "आजी, हिची नळी फार ताणलीय. लांब नळी लावून घ्या." हो हो म्हटलं. सूनबाईला नळीचं सांगावं तर सगळंच बाहेर येणार. 

संध्याकाळी तिला म्हटलं, मागच्या वेळी त्यानेच चुकीचं मोजलं असेल गं. तिने लगेच मानलं. "बरं झालं, आई. राहू दे तुमची." हे मात्र मला जरा लागलं.

गुरुवार, १४

दुपारी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. सूनबाई लवकर घरी आली ती दारातूनच ओरडली, "आई, काही पेटवू नका!" दंडाला धरून मला बाहेर काढलं. मग तोंडावर ओढणी धरून आत गेली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. तिच्या शेगडीची नळी निसटली होती. परत येऊन म्हणाली, "अहो, जिन्यापर्यंत वास येतोय!"

मला आला नव्हता. अजिबात नाही. मी चहा ठेवायला उठणारच होते.

नंतर तिने कॉफीचा डबा माझ्या नाकाशी धरला. मग फिनेलची बाटली. काही नाही. कधीपासून, कोण जाणे.

शुक्रवार, १५

सकाळी माझी शेगडी मीच ओट्यावरून उतरवली. सूनबाई म्हणाली, "आई, असू दे हो. नळी जुनी झाली होती, तुमचा काय दोष?" आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

नळी जुनी नव्हती, चांगली होती. हे तिला अजून सांगितलेलं नाही.