धाकटीची टोपी

३ मार्च
नोकरी लागली! मेंदूच्या लहरी पाहून फिट येण्याआधीच ती ओळखायची, अशा प्रयोगशाळेत मी आता तंत्रज्ञ. इथे फिटला 'पाहुणा' म्हणतात, पेशंट घाबरू नयेत म्हणून. पाहुणा निघाला की मोबाइलवर घंटा वाजते आणि ती टोपी ज्याच्या नावावर नोंदलेली, त्याचं नाव दिसतं. डॉक्टरीणबाईंनी तारा लावलेल्या दोन टोप्या घरी नेऊ दिल्या. एक फिट येणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला, दुसरी मला, कारण एकटीने विदूषक व्हायला धाकट्या बाईसाहेब तयार नव्हत्या. तिने केस मात्र बारीक कापून घेतले. माझ्या वेणीला कुणी हात लावायचा नाही.

९ मार्च
घंटा वाजली. धाकटीला गादीवर निजवलं आणि मग पाहुणा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती कुठे आपटली नाही. मी ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे घंटा वाजताच नाकात औषधाचा एक फवारा द्या, पण आठवड्यात दोनदाच.

१२ मार्च
टोप्या धुतल्या. नावांच्या पट्ट्या निघून आल्या होत्या, त्या वाळल्यावर पुन्हा चिकटवल्या. संध्याकाळी घंटा: धाकटी. फवारा दिला आणि पाहुणा आलाच नाही! त्या आनंदात माझ्या हातून कप फुटला. कधी फुटला, आठवत नाही.

१७ मार्च
आज तीनदा घंटा, तीनदा फवारा. जास्त होतंय, कळतं मला. पण ती वाजत असताना हातावर हात ठेवून बसू?
धाकटी म्हणाली, "ताई, मला काही होत नाहीये गं. नुसती झोप येतेय."
मी तिला गप्प केलं. माझी जीभ सुजलीय. जेवताना चावली असेल.

१९ मार्च
पुन्हा. पुन्हा. धाकटी हाकेला ओ देत नाही. डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत. मी स्वयंपाकघरात फरशीवर कशी काय—

२० मार्च
श्वास फार सावकाश चाललाय तिचा. रुग्णवाहिका बोलावली. सांगितलं, फिटची पेशंट आहे, लवकर या. मग तिची टोपी काढली. आत तारेत एक केस अडकलेला. लांब. धुण्याआधीचा, माझा.

ही टोपी माझी. पट्ट्या उलट लावल्या मी. तिची माझ्या डोक्यावर— पाहुणा माझ्याकडे येत होता, आणि औषध मी तिला—

घंटा. 'धाकटी'. म्हणजे मी.

दार उघडं ठेवलंय. ते येतील तेव्हा मी शुद्धीवर नसेन. मोबाइलवर तिचं नाव बघतील आणि— हे पान तिच्या छातीवर ठेवते—

आधी हे वाचा. तिला आणखी औषध द्यायचं