करीच्या दिवशीचा ग्लास

बाबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमच्यावर धड चिडायला मला आत्ता कारण मिळालं. दारू सोडून मला अडीच महिने झालेत. बायको लेकीला घेऊन आधीच माहेरी गेली, पिणं थांबल्यावर मित्रही यायचे बंद झाले. अकोल्यात ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला मी दर गुरुवारी एसटीनं अमरावतीला जातो.

परवा तिथे चहा देणाऱ्या म्हाताऱ्यानं माझं आडनाव विचारलं आणि कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. "अरे, तुहे बाबा चार वर्सं येत होते इथं. एक गुरुवार चुकला नाही त्याइचा. तुले मालूम नाही?"

नव्हतं मालूम. घरी तुम्ही सांगायचे, मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जातो. दारू का बंद केली विचारलं, तर म्हणायचे, शुगर निघाली. मी तर धरूनच चाललो होतो की आपल्या घरात आजार झाल्याशिवाय ही बला कोणाच्यानं सुटत नाही.

आणि त्या चार वर्षांतली ती कर आठवते? पोळ्याचा दुसरा दिवस, चुलीवर मटण, अंगणात सगळे काका बसलेले. "भाऊ, कर हाय आज, नाही म्हनाचं नाही," म्हणत धाकट्या काकांनी तुमच्या हातात ग्लास दिला. तुम्ही हसत तो माझ्यापुढे सरकवला. "माह्या वाटचा हा घेईन." मी चोवीस वर्षांचा. मला वाटलं, बापानं आज बरोबरीचं मानलं. एका दमात संपवला. तोवर चोरून प्यायचो, त्या दिवसापासून उजळ माथ्यानं पिऊ लागलो. बाबा, तुम्ही स्वतःला वाचवलं आणि त्यासाठी मला पुढे केलं. यातून सुटायची वाट तुम्हाला ठाऊक होती, तरी बोलला नाहीत. हा दगा आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी हे सगळं ओरडून सांगितलं. वीस माणसं निमूट ऐकत होती. इतक्या दिवसांत कोणी माझं एवढं ऐकलं नव्हतं. निघताना म्हातारा म्हणाला, "पुढल्या गुरुवारी येजो. रागवाले तरी येजो." जाणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी फक्त तुमचंच सांगितलं. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी कोणत्या अवस्थेत गेलो होतो, ते नाही सांगितलं. लेकीनं विचारलं तेव्हा तिलाही म्हणालो होतो, माझी तब्येत बरी नव्हती.