चांगुणाचा डावा हात

१२ नोव्हेंबर १९७९, सोमवार. सकाळी साडेदहा.
पेठकडच्या पाड्यावर जीपच्या सावलीत बसून लिहितोय. पोरांच्या डाव्या हाताला क्षयाच्या चाचणीची सुई टोचून झाली. गुरुवारी सूज मोजायची; दहा मिलिमीटरच्या वर गेली तर क्षयाची लागण. ते काम माझं. सातवी नापास, पण हातातली पट्टी हलत नाही म्हणून पाहणीच्या डॉक्टरसाहेबांनी ठेवलंय.
सावित्रीबाईची चांगुणा पाच वर्षांची. सारखी खोकते. माझं बोट सोडेना. कोपरावर भाजल्याचा डाग.

१५ नोव्हेंबर, गुरुवार.
सगळे हात कोरे! दहा वर्षांपूर्वी याच भागात शंभरात बारा पोरांना सूज होती. साहेब खूश. "आजार उतरतोय रे, रंगनाथ!"
चांगुणाचं नाव पुकारलं. आली ती गुबगुबीत, हसरी. कोपर स्वच्छ. ही चांगुणा नाही! सावित्रीबाई हळूच म्हणाली, "लिव ना भाऊ, सूज नाय." मागे रांग, शेजारी साहेब. शून्य लिहिलं.
आणखी किती पोरं बदलली असतील?

१६ नोव्हेंबर.
साहेबांना सांगितलं. "पुन्हा पाड्यावर जीप न्यायची? डिझेल तू देणार? आणि शून्य कुणी लिहिलं?"
मी. रोजंदारीचा माणूस.

१७ नोव्हेंबर.
नाशिकला, पंचवटीतल्या माझ्या खोलीत लिहितोय. सोमवारी पाडा द्राक्षांच्या कामाला खाली उतरणार. मग चांगुणाला कुठे शोधू?

१८ नोव्हेंबर, रविवार.
एस.टी.ने एकटाच गेलो. सावित्रीबाई दारात आडवी उभी राहिली.
"मागल्या येळी मंगळूच्या पोराला सूज आली. गाडीत घालून नेला. परत नाय आला."
म्हटलं, गाडी आणलीच नाही. छातीचा फोटो काढायचा, गोळ्या घरीच घ्यायच्या. तूही चल.
"आन् ठेवून घेतली तं?"
"तर मी तिथंच बसेन, तुझ्याबरोबर."
ती दारातून बाजूला झाली. मग आत जाऊन खरी चांगुणा आणली. सूज अठरा मिलिमीटर! पण सहाव्या दिवशीचं माप पाहणीत धरत नाहीत. अहवालात शून्यच राहणार.
तेवढ्यात सावित्रीबाईनेच हाक मारली, "कमळाबाई, तुझा पोरगा काढ भायेर. हा एकटाच हाय."

१९ नोव्हेंबर, सोमवार. पहाटेची एस.टी.
द्राक्षांचं काम राहिलं. सूज आलेली नऊ पोरं, त्यांच्या आया. चांगुणा माझं बोट धरून झोपलीय.
कंडक्टर म्हणाला, "एवढी फौज? वणीच्या देवीला का, मास्तर?"
"नाही. आमच्या साहेबांकडे."