धाकट्याचे रक्त

२ मार्च
या घरात माझ्यापेक्षा माझ्या उशीच्या अभ्र्याला अधिक मान आहे, याचा मी सविनय निषेध नोंदवतो. अभ्रा रोज उकळत्या पाण्यात न्हातो, इस्त्री होऊन येतो; माझी बोळवण ओल्या फडक्यावर. बाकी इस्पितळाजवळचे हे भाड्याचे घर छान आहे. खिडकीत ऊन येते. धाकट्या भावाच्या, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी माझ्या अंगात रुजल्या, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणजे रक्ताचे नाते आता वैद्यकमान्य झाले. धाकटा फोनवर म्हणाला, दादा, रक्त माझं आहे, जरा जपून चिडत जा.

९ मार्च
तोंडातले फोड बसले, पण चव नाही. भात आणि पुठ्ठा यांत भेद उरलेला नाही. अद्वैत म्हणतात ते हेच असावे. न्हाणीपर्यंत गेलो तरी धाप लागते. सौ. मास्कमागे रडते आणि सर्दी झाली म्हणून सांगते. सर्दी झालेल्याला या घरात प्रवेशच नाही, हे बिचारी विसरते.

१७ मार्च
आज वरणात मीठ लागले! लगेच धाकट्याला कळवले. तो म्हणाला, नवल आहे, मला सकाळपासून चहासुद्धा नुसत्या गरम पाण्यासारखा लागतोय. दोघेही हसलो.

२४ मार्च
मी जिना चढलो. धाकटा कचेरीच्या जिन्यात मटकन बसला. माझ्या डोक्यावर लव आली. त्याचे केस कंगव्यात येताहेत. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून सगळे तपासले. दात्याला असे कधी होत नाही, म्हणाल्या. तपासण्या निर्दोष.

२८ मार्च
धाकटा इथेच राहतो आहे. दोघांनाही मास्क, टोपी. सौ.ने माझ्या गोळ्या, अहो घ्या, म्हणत त्याच्या हातावर ठेवल्या. मग दचकली. तो म्हणाला, वहिनी, चुकलात कुठे, आजारी मीच की.

३१ मार्च
काल मी जेवलो नाही. मुद्दाम. दुपारी तो उठून बसला, चहा गोड झालाय म्हणाला. म्हणजे खरेच—
आज मात्र राहवेना. ओट्याशी उभ्यानेच जेवलो. परत वाढून घेतले. संध्याकाळी त्याला मान उचलवेना.

२ एप्रिल
तो माझ्या पलंगावर. डोळे मिटलेले. सौ. विचारते, काय करायचं हो—
मी उपास करायचा. एवढेच. मला ठाऊक आहे.
भीती त्याच्या जाण्याची वाटायला हवी. वाटतेही. पण त्याहून मोठी भीती ही, की मला फार बरे वाटते आहे, ताट वाढलेले आहे, आणि मी—